गोळा मोजून वाढा

आज गटाच्या हिशेबाचं, हप्त्याचं, बँकेचं काही बोलायचं नाही. आज आपण स्वयंपाकघरात बसायचं. तरी वही-पेन जवळ असू द्या, कारण मापं सांगणार आहे. आणि पोरं आजूबाजूला खेळत असतील तर त्यांनाही रेडिओजवळ बोलवा. पदार्थ त्यांचाच आहे.

पदार्थ म्हणजे टोमॅटोच्या रश्शातले खिम्याचे गोळे. गोळ्यांत खिम्याबरोबर तांदूळ घालायचा. तिखट अगदी कमी, हाड नाही, तळण नाही. पाव किलो खिम्यात पाच माणसांचं घर जेवतं. ज्या मैत्रिणी माळकरी आहेत किंवा ज्यांच्या घरात मांस-मच्छी चालत नाही, त्यांनी रेडिओ बंद करू नका. शेवटी सोयाबीनचे गोळे सांगणार आहे. आणि मधली गोष्ट तर सगळ्यांच्याच घरची आहे.

आधी ती गोष्ट सांगते. माझ्याच घरची आहे.

घरात आम्ही पाच जण. सासूबाई, आमचे हे, थोरली लेक, धाकटा मुलगा आणि मी. रविवारी कोंबडी यायची. शिजवणारी मी आणि वाढणारीही मीच. पहिल्या पंगतीला हे आणि मुलगा बसायचे. लेगपीस मुलाच्या ताटात, चांगले मांसाचे तुकडे ह्यांच्या ताटात. मग सासूबाईंना मऊ बघून दोन तुकडे. लेक माझ्याबरोबर मागून बसायची. तिच्या वाट्याला रस्सा, बटाटा आणि मानेचा एखादा तुकडा. माझ्या ताटात रस्सा आणि पातेल्याला लागलेला मसाला. असं वाढ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, ह्यांनीही नाही. माझी आई असंच वाढायची, म्हणून माझा हात आपोआप तसाच वळायचा.

लेक आठ वर्षांची असताना शाळेत तपासणी झाली. तिचं हिमोग्लोबिन नऊ भरलं. त्या वयाला निदान साडेअकरा तरी लागतं. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी मांसाहार चालतो का?" मी म्हटलं, "चालतो तर! दर रविवारी असतो." लेक शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "असतो, पण माझ्या ताटात रस्साच असतो."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती, एवढंच. पण परत येताना एसटीत मी कुणाशी बोलले नाही. गावोगावच्या बैठकांत मी बायकांना समान वाट्याचं सांगत फिरते, आणि माझ्या स्वतःच्या पातेल्यातला वाटा मला नीट घालता आला नव्हता.

हे एका घरापुरतं नाही, बरं का. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात दिसलं की आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर लेकरांमागे ६७ लेकरांचं रक्त कमी आहे. आणि १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींचं. म्हणजे आपला दहा जणींचा गट सतरंजीवर गोल करून बसतो ना, त्यातल्या पाच-सहा जणी. रक्त कमी होण्याची कारणं पुष्कळ आहेत. जंत असतात, पाळीत जास्त रक्त जातं, बाळंतपणं लागोपाठ होतात. पण ताटात काय पडतं, हे त्यातलं एक मोठं कारण आहे, आणि ते आपल्या पळीच्या टोकाला आहे.

पुढच्या रविवारी मी ठरवलं, आज सगळ्यांना सारखं वाढायचं. तर जमेचना! कोंबडीचा तुकडा सारखा कधी असतो? एकात मांस, एकात नुसतं हाड. संख्या सारखी केली तरी वाटा सारखा होत नाही. तेव्हा मला माझ्या आजीची गोळ्याची आमटी आठवली. आजी बेसनाचे गोळे आमटीत सोडायची आणि वाढताना मोजायची. "तुला चार, तुला चार." आमच्यात भांडण म्हणून व्हायचं नाही. मी म्हटलं, मग खिम्याचेच गोळे करून बघू.

तांदूळ घालायची कल्पना काही माझी नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत फार मोठी मंदी आली होती. हातांना काम नव्हतं, मांस परवडत नव्हतं. तेव्हा तिथल्या बायका थोड्या खिम्यात मूठभर तांदूळ घालून गोळे वळायच्या आणि टोमॅटोच्या रश्शात शिजवायच्या. शिजल्यावर तांदळाची शितं गोळ्यातून बाहेर डोकावतात, काट्यांसारखी. म्हणून त्यांनी त्याला साळिंदराचं नाव दिलं. आमच्या घरीही पोरं त्याला साळूचे गोळेच म्हणतात. बघा, चूल कुठलीही असो, थोडक्यात घर जेवू घालायची विद्या बाईला सगळीकडे शिकावीच लागते.

आता वही उघडा. पाच माणसांचं माप सांगते.

गोळ्यांसाठी: कोंबडीचा खिमा पाव किलो. तांदूळ अर्धी वाटी. एक मध्यम कांदा. एक अंडं. आलं-लसणाचं वाटण एक चमचा. धणे-जिरे पूड एक चमचा. हळद पाव चमचा. मूठभर कोथिंबीर. मीठ एक सपाट चमचा.

रश्शासाठी: पिकलेले लाल टोमॅटो अर्धा किलो, म्हणजे मध्यम आकाराचे सहा-सात. एक कांदा. चार-पाच लसूण पाकळ्या. तेल दोन चमचे. जिरं, हळद. लाल तिखट अर्धा चमचा. बेडगी असेल तर उत्तम, रंग येतो आणि जीभ भाजत नाही. गूळ सुपारीएवढा. मीठ चवीनं. पाणी दोन पेले, पण गरम.

खिमा दुकानातून करून मिळत असेल तर बिनहाडाचं मांस समोर घेऊन करून घ्या. मिळत नसेल तर बिनहाडाचे तुकडे आणा, धुऊन चाळणीत चांगले निथळू द्या आणि घरी विळीवर किंवा सुरीनं बारीक करा. मिक्सरमध्ये फिरवायचं तर थांबत थांबत, दोन-तीनदाच. जास्त फिरवलं की लगदा होतो आणि गोळा चिवट होतो. खिमा केल्यावर मात्र धुवायचा नाही, त्यात पाणी राहतं आणि गोळे फुटतात. तुकडे बारीक करताना बोटांनी चाचपून बघा, हाडाची एखादी कपची राहिली तर लेकराच्या घशात टोचेल. आणि ज्या विळीवर कच्चं मांस चिरलं, ती साबणानं धुतल्याशिवाय तिच्यावर काकडी-कांदा चिरू नका. हातही तसेच.

तांदूळ अर्धा तास भिजत घाला. मग उकळत्या पाण्यात पाचच मिनिटं शिजवा. शीत दाताखाली घेतलं तर मध्ये कणी लागली पाहिजे. लगेच चाळणीत ओता, पसरून गार करा. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ असेल तर गोळा छान धरतो, पण घरातला कुठलाही चालतो. रेशनचाही चालतो.

आता आधी रस्सा करायचा, गोळे नंतर. हा क्रम लक्षात ठेवा. रस्सा तयार असला की खिमा कालवल्यावर तसाच उन्हाळ्यात ताटकळत राहत नाही.

टोमॅटो आडवे कापा आणि किसणीवर किसा. गर खाली पडतो, साल हातात राहते. पोरांना रश्शात साल आली की आवडत नाही, ती कटकट इथेच मिटते. पसरट कढईत तेल तापवा. जिरं, ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला कांदा घाला. कांदा मऊ झाला की हळद-तिखट घाला आणि वरून टोमॅटोचा गर. झाकण न ठेवता परता. कच्चा वास जाऊन कडेनं तेल दिसायला लागलं की गूळ, मीठ आणि गरम पाणी घाला. रस्सा थोडा पातळच ठेवा, कारण गोळ्यातला तांदूळ तो पिऊन घेतो.

रस्सा उकळेपर्यंत परातीत खिमा, गार झालेला तांदूळ, अगदी बारीक चिरलेला कांदा, अंडं आणि बाकीचं सगळं हलक्या हातानं कालवा. कणकेसारखं मळू नका. सैल वाटलं तर फुटाण्याचं पीठ दोन चमचे घाला. हाताला पाणी लावून लिंबाएवढे गोळे वळा. या मापात वीस गोळे होतात. मुलीला वळायला बसवलंत तर मुलालाही बसवा.

आता आजीची खूण सांगते. आजी गोळ्याच्या आमटीत आधी एकच गोळा सोडायची. तो टिकला तर बाकीचे. आपणही तसंच करायचं. रस्सा खळखळ उकळत असताना एक गोळा सोडा, दोन मिनिटं थांबा. फुटला नाही तर बाकीचे एकेक करून सोडा. फुटला तर काही बिघडलं नाही, रस्सा दाट होईल. पिठात आणखी चमचाभर फुटाण्याचं पीठ घाला आणि मग सोडा. गोळे एकावर एक चढवू नका, म्हणूनच कढई पसरट हवी.

पहिली पाच मिनिटं पळी घालायची नाही. गोळा वरून बांधला जाऊ द्या. ढवळावंसं वाटलं तर फडक्यानं कढईचे कान धरून कढई हलवा. मग आच बारीक करा, झाकण ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. मध्ये एकदा गोळे अलगद उलटे करा. शिजला का, हे बघायला एक गोळा मधून तोडा. आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये आणि तांदूळ मऊ झालेला हवा. रस्सा आटला असेल तर गरम पाणीच घाला, गार नको.

झाले गोळे. वरून कोथिंबीर. भाकरीबरोबर द्या, चपातीबरोबर द्या. मोठ्या माणसांना तिखट लागतं, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी ठेचा वेगळा ठेवा. पोरांच्या जिभेला बेतून स्वयंपाक करायचा आणि मोठ्यांनी वरून तिखट घ्यायचं. आपण नेहमी उलटं करतो, आणि मग पोरगं भाकरी पाण्यात बुडवून खातं.

आता थोडं लेकरांच्या वयाचं. वर्षाच्या पुढच्या पण दात पुरते न आलेल्या बाळाला अख्खा गोळा हातात देऊ नका, घशात अडकू शकतो. ताटात रश्शात कुस्करून भरवा. तीन-चार वर्षांच्याला चार तुकडे करून द्या, आणि बसवून द्या. पळता पळता नको.

रक्त वाढायच्या दृष्टीनं दोन गोष्टी सांगते. मांसातलं लोह अंगाला चांगलं लागतं. भाजी-भाकरीतलं लोह लागायला थोडी मदत लागते, आणि ती मदत लिंबू, पेरू, आवळा यांसारखं आंबट करतं. म्हणून ताटात लिंबाची फोड ठेवाच. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो. तासभर जाऊ द्या. दुसरं म्हणजे, कोंबडीच्या मांसापेक्षा तिच्या काळजात लोह कितीतरी जास्त असतं, आणि काळीज स्वस्त मिळतं. खिमा करताना त्यात एक-दोन काळजं बारीक करून घातली तर पोरांना कळतही नाही. फक्त घरात गरोदर बाई असेल तर काळीज घालू नका, तिच्यासाठी नुसता खिमा बरा.

आणि हे पण सांगते, रक्त फार कमी असेल तर नुसत्या जेवणानं ते भरून येत नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण घ्यायचं. शाळेत लहान मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देतात, ती मुलानं खिशात घालून आणली नाही ना, हे विचारायचं. माझ्या लेकीलाही औषध घ्यावं लागलं, ते संपल्यावर पुन्हा तपासणी झाली आणि आकडा अकराच्या पुढे गेला. गोळ्याही हव्यात आणि गोळेही हवेत.

उरलेल्याचं काय? फ्रीज नसेल तर उरवूच नका. भात आणि मांस दोन्ही असलेला पदार्थ आहे, उन्हाळ्यात संध्याकाळचा सकाळी पोरांना देऊ नका. म्हणूनच माप वीस गोळ्यांचं सांगितलं.

आता शाकाहारी मैत्रिणींसाठी. दीड वाटी सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. दोन-तीन पाण्यांतून धुऊन घट्ट पिळा, म्हणजे उग्र वास जातो. मिक्सरला फिरवा. त्यात एक मोठा उकडलेला बटाटा, अर्धी वाटी पूर्ण शिजवलेला भात, तीन-चार चमचे फुटाण्याचं पीठ आणि तोच मसाला. हे गोळे कच्चे रश्शात टाकू नका, विरघळतात. आप्पेपात्रात थोड्या तेलावर सगळीकडून लाल करून घ्या आणि वाढायच्या आधी पाच मिनिटं रश्शात सोडा. कोरड्या सोयाबीन वडीच्या वजनात निम्मी प्रथिनं असतात. तेव्हा आपलं कमी, असं समजू नका. आणि इथे लिंबू विसरू नका, कारण हे लोह झाडपाल्यातलं आहे.

शेवटची गोष्ट, आणि मग मी थांबते.

पहिल्यांदा हे गोळे केले त्या दिवशी मी वीस गोळे मोजले. पाच माणसं, प्रत्येकी चार. आम्ही सगळे एकाच पंगतीला बसलो. सासूबाई म्हणाल्या, "मला तीन पुरे, एक पोरीला दे." हे काही बोलले नाहीत, पण चार खाल्ले आणि पाचवा मागितला नाही. मुलानं बहिणीच्या ताटात वाकून बघितलं आणि स्वतःच्या ताटातले परत मोजले. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, तुझ्या ताटात दोनच आहेत."

खरंच दोन होते. दोन मी कढईत मागे ठेवले होते. कुणासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. कुणी मागितलं तर असावेत, म्हणून. लेकीचा वाटा मी त्या दिवशी आठवणीनं घातला, पण माझा हात माझ्या ताटाशी येऊन पुन्हा जुन्या वळणावर गेला होता. लेकीनं उठून कढईतले दोन गोळे आणले आणि माझ्या ताटात घातले. मुलगा म्हणाला, "आता बरोबर."

तेव्हापासून आमच्याकडे वाढायच्या आधी पोरं मोठ्यानं मोजतात. कोण किती, ते सगळ्यांसमोर होतं.

म्हणून आजचं काम. या आठवड्यात, ज्या वारी तुमच्याकडे चालतं त्या वारी, हे गोळे करा. वळताना मोजा. घरातल्या माणसांनी भागा, आणि भागताना स्वतःला धरा. एखादा गोळा उरला तर पोटातल्या बाळाची आई, नाहीतर आजारातून उठलेलं माणूस बघा. पुढच्या बैठकीत बचत जमा झाल्यावर प्रत्येकीनं एकच आकडा सांगायचा, माझ्या ताटात किती गोळे होते. सचिव ताईंनी तो वहीत लिहून घ्यायचा. लाजायचं नाही. माझा पहिला आकडा दोन होता, तो मी आज सगळ्यांना सांगून टाकला आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सगळ्यांना नमस्कार.